बारा व्होल्टचा विस्तव

माझ्या दुकानात काउंटरखाली बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. गाड्यांच्या लायटर सॉकेटमधून पकडीने ओढून काढलेले प्लग मी त्यात टाकत आलो. कुणाचं टोक वितळून कोळशासारखं झालंय, कुणाची बाजूची पत्ती तापून निळी पडलीय, एकाची स्प्रिंग इतकी मेली आहे की दाबली तर दाबलेलीच राहते. एक पांढरा आहे, म्हणजे होता; आता त्याचा रंग पातेल्याच्या बुडाला लागलेल्या दुधासारखा आहे. डबा उघडला की अजून वास येतो. आणि यातला एकही प्लग जळताना गाडीचा फ्यूज उडालेला नव्हता.

"भाऊ, फ्यूज तं साबूत आहे, मंग जळलं कसं?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की शेवटी ही पुस्तिका लिहायला बसलो. दुकानात उभ्या-उभ्या याचं उत्तर नीट देता येत नाही. एका हातात टेस्ट लॅम्प, मागे दुसऱ्याचा हॉर्न, आणि विचारणाऱ्यालाही घाई. तो 'बरं बरं' म्हणतो, नवा प्लग घेतो आणि सहा महिन्यांनी तोच वास घेऊन परत येतो.

माझं गाड्यांच्या विजेच्या कामाचं दुकान मालेगावात आहे, म्हणजे वाशिम जिल्ह्यातल्या. बाहेर नाव सांगितलं की लोक नाशिककडचं समजतात, म्हणून आम्हाला 'वाशिमचं' किंवा 'मालेगाव जहाँगीर' असं शेपूट लावावं लागतं. गाव रस्त्यांवर जगतं. अकोल्याहून पातूर, मेडशी करत वाशिम-हिंगोलीकडे उतरणारा रस्ता इथून जातो, आणि कारंजा-शेलू बाजारकडून मेहकर-जालन्याकडे जाणारा नागपूर-औरंगाबादचा जुना रस्ताही इथलाच. शिरपूरला जैन यात्रेकरू येतात, डव्ह्याच्या यात्रेला माणूस मावत नाही. त्यात 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. तो आमच्या तालुक्यातून जातो. त्याआधी दुकानात काळी-पिवळीवाले, ट्रॅक्टरवाले आणि गावातल्या चार कार यायच्या. आता लांबच्या नंबरप्लेटा येतात, आणि त्यांच्या सॉकेटमध्ये काय काय खुपसलेलं असतं ते पाहून मी थक्क होतो.

हे सॉकेट मुळात कशासाठी होतं ते आधी पाहू. जुन्या गाडीत त्या भोकात एक दट्ट्या असे. तो आत दाबला की त्याच्या टोकाची तारेची चकली बॅटरीला जोडली जाई आणि दहाएक अँपियर करंट घेऊन निखाऱ्यासारखी लाल होई. भोकाच्या तळाशी दोन धातूंच्या जोडपट्टीचे पंजे दट्ट्याला धरून ठेवत. पुरेसं तापलं की पंजे उघडत, दट्ट्या 'टक' करून बाहेर येई आणि माणूस बिडी-सिगारेट पेटवी. सगळा खेळ पंधरा-वीस सेकंदांचा. विस्तव तयार करणं हेच त्या भोकाचं जन्मकाम, आणि आज आपण त्यात अर्धा-अर्धा तास चालणारी यंत्रं लावतो. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचा नियम 2 ऑक्टोबर 2008 पासून आला, नव्या गाड्यांतून दट्ट्या गेला, भोक तेवढं राहिलं. आता त्याच्या झाकणावर '12 व्होल्ट, 120 वॅट' असं छापलेलं असतं. नव्या सॉकेटमध्ये तळाचे पंजे नसतात. जुन्या बाजारातून हौसेने दट्ट्या आणून त्यात दाबला, तर त्याला सोडायला आत कुणी नाही. तो तापतच राहतो.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे विजेची भीती म्हणजे शॉकची भीती. ओल्या हाताने बोर्डाला हात लावू नको, मोटारीची पेटी उघडू नको, हे शेतातल्या पोरालाही कळतं, कारण करंट माणसाला धरतो हे प्रत्येक गावाने पाहिलेलं असतं. 12 व्होल्ट धरत नाही. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर कोरडे हात ठेवले तरी काही जाणवत नाही. त्यामुळे घरात वायरीला टेप लावताना मेन स्विच पाडणारा माणूस गाडीत तीच वायर दाताने सोलून पिळतो आणि सीटखाली ढकलतो.

पण आग लागते ती करंटने. घरातलं 120 वॅटचं उपकरण 230 व्होल्टवर जेमतेम अर्धा अँपियर घेतं. तेवढंच काम 12 व्होल्टवर करायचं तर 10 अँपियर लागतात, म्हणजे एकोणीस पट. आणि वायरीत किंवा सांध्यात होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दुप्पट झाला तर ताप चौपट. एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर तीन मीटर नेली आणि तितकीच परत आणली, तर तिच्यात 10 अँपियरला एक व्होल्ट गळतो. घरच्या 230 मधून एक गेला तर कुणाला पत्ता लागत नाही. 12 मधून एक गेला तर पंप कण्हायला लागतो. मग लोक पंपाला शिव्या देतात.

वायरीत तो ताप सहा मीटरवर पसरलेला असतो. सांध्याचं तसं नाही. सॉकेटमध्ये प्लग कसा बसतो पाहा. मधलं टोक स्प्रिंगच्या जोरावर तळाच्या बटणाला टेकतं, तो पॉझिटिव्ह. बाजूच्या दोन पत्त्या भोकाच्या भिंतीला घासून बसतात, तो अर्थ. कुठे स्क्रू नाही, कुठे कुलूप नाही. फक्त स्प्रिंगचा दाब आणि पत्तीचा ताण. गाडी खड्ड्यातून गेली की हे सगळं हलतं, टेकतं, सुटतं, बारीक ठिणगी पडते, धातूवर काळा थर धरतो. चांगला सांधा असेल तर 10 अँपियरला त्यात एखादा वॅट उष्णता होते आणि ती विरून जाते. काळ्या थराने अडथळा 0.2 ओहमवर नेला की तिथे 20 वॅट होतात. आमच्या धंद्यातल्या माणसाला हा आकडा लगेच दिसतो: 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने आम्ही दिवसभर कथील वितळवतो. म्हणजे वाटाण्याएवढ्या टोकात, चहूबाजूंनी बंद भोकात, प्लास्टिकच्या मधोमध, कुणीतरी आयर्न लावून ठेवल्यासारखं झालं.

आणि फ्यूज? फ्यूज करंट मोजतो, ताप मोजत नाही. डॅशबोर्डखालच्या पेटीत बसलेल्या 15 अँपियरच्या फ्यूजला 10 अँपियर जाताना दिसतात आणि तो म्हणतो, ठीक आहे. सांधा खराब झाल्यावर करंट उलट किंचित कमी होतो, फ्यूज आणखी निवांत. डब्यातल्या प्लगांचं कोडं एवढंच आहे. फ्यूज वायरीला वाचवायला बसवलेला असतो: शॉर्ट झाला, भोकात नाणं पडून टोक आणि भिंत जुळली, एकाला तिघांचा लोड लावला, तर तो उडतो आणि वायर वाचते. सैल सांध्याची राखण त्याच्याकडे दिलेलीच नाही. ती ड्रायव्हरच्या बोटांकडे आहे. उपकरण दहा मिनिटं चालवा, ते बंद करा, प्लग बाहेर काढा आणि टोकाला हळूच हात लावा. कोमट असेल तर चालू द्या. बोट ठेववत नसेल तर तो प्लग किंवा ते सॉकेट बाद. या तपासणीला मीटर लागत नाही, माझं दुकानही लागत नाही.

फ्यूजचं काम इतकं मर्यादित असूनही आपण त्याचे जे हाल करतो ते वेगळेच. सपाट फ्यूजचा रंग बोलतो: लाल म्हणजे 10, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30. निळा उडाला, दुकानात हिरवा होता, तोच ठोकला, असं मला लोक कौतुकाने सांगतात. त्याहून वरचढ म्हणजे वायरीच्या तीन-चार तारा पिळून फ्यूजच्या जागी खोचणारे. ती तार किती अँपियरला वितळेल हे पिळणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि तोवर डॅशबोर्डामागची वायर आपलं कवच सोडून बसलेली असते. एका काळी-पिवळीत मी फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली पाहिली. लायटरच्या फ्यूजला सिगारेटची चांदी, हे मला हसू आणणारं होतं. ड्रायव्हर मात्र म्हणाला, "दोन वर्सांपासून चालून रायलं जी." त्याच वेळी त्याच्या सॉकेटला तीन तोंडी मल्टिप्लग, त्यावर दोन मोबाईल, एक पंखा आणि देवाच्या फोटोमागची लाइटची माळ होती. तीन तोंडं लावली म्हणून करंट तिप्पट मिळत नाही, सगळ्यांचा भार त्याच एका टोकावरून जातो. त्याचा हिशेब केला तर पाचएक अँपियरच होत होते, म्हणून तो वाचला. त्याच मल्टिप्लगला त्याने हवेचा पंप लावला असता तर माझ्या डब्यात एक वस्तू वाढली असती.

हवेचा पंप ही समृद्धीची देणगी आहे. कारला 120 ची मर्यादा, तापलेला काँक्रीटचा रस्ता, आणि सुरुवातीच्या महिन्यांत टायर फुटून झालेल्या अपघातांच्या सारख्या बातम्या, यामुळे लोक टायरकडे बघायला लागले, हे चांगलंच झालं. प्रत्येक डिकीत एक छोटा पंप आला. पण सॉकेटला लावायच्या वस्तूंत सगळ्यात जास्त ओढणारी वस्तू हीच, दहा ते पंधरा अँपियर. माझी स्वतःची फजिती याच पंपाने केली. मे महिना होता, दुपारची वेळ. चारही चाकं भरायची म्हणून मी न थांबता पंप चालवला. धंदा विजेचा, त्यामुळे फाजील विश्वास. चौथ्या चाकाला पंपाचा आवाज जड झाला. प्लग ओढायला गेलो तर टोक भोकातच राहिलं आणि नुसती वायर हातात आली. तर्जनीवर आठवडाभर फोड होता. दोन चाकं भरून दहा मिनिटं पंप थंड होऊ द्या, असं पंपाच्या खोक्यावर छापलेलं असतं. मी ते नंतर वाचलं. चालू इंजिनावर लावणंही महत्त्वाचं. इंजिन चालू असताना अल्टरनेटर 14 व्होल्टच्या आसपास देतो, बंद असताना बॅटरी 12 वर घसरते आणि मोटर जास्त रडते. मात्र बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हवा भरत बसू नका. तो धूर वेगळ्या पद्धतीने मारतो.

गाडीत पाणी तापवायच्या किटलीबद्दल दोन वाक्यं पुरेत. 150 वॅटच्या किटलीला अर्धा लिटर पाणी उकळायला, उष्णता कुठेही वाया न जाता, सतरा मिनिटं लागतात. खरोखर पंचवीस धरा, आणि तेवढा वेळ सॉकेटवर त्याच्या छापील मर्यादेपेक्षा जास्त भार. ढाब्यावरचा चहा प्या.

इन्व्हर्टरवर मात्र थांबलं पाहिजे, कारण इथे शॉकची भीती परत येते. सॉकेटला लावायचा छोटा डबा 12 चे 230 व्होल्ट करतो, लॅपटॉप चालतो, लोक खूश. पण त्याच्या पलीकडच्या बाजूला घरच्याइतकीच मारणारी वीज आहे हे कुणी लक्षात घेत नाही; पाण्याची बाटली त्याच्याच शेजारी सांडते. दुसरं, डब्यावर 200 वॅट लिहिलं म्हणून सॉकेटमधून 200 मिळत नाहीत. सॉकेट 120 चं, त्यात डब्याची स्वतःची गळती, हाती शंभर-एक राहतात.

हे शंभर कुठे कमी पडतात ते एका रात्री कळलं. ओळखीच्या घरातलं लेकरू, दम्याचं. अकोल्याला घेऊन निघाले, साठेक किलोमीटर. वाटेत लागलं तर असावं म्हणून नेब्युलायझर आणि नवा इन्व्हर्टर सोबत. मेडशीच्या आधीच लागलं. मशीन लावलं की इन्व्हर्टर एकदा गुरगुरे, टीं-टीं करी आणि बंद. पुन्हा चालू, पुन्हा टीं-टीं. मशीनवर लिहिलेला आकडा इन्व्हर्टरच्या आकड्यापेक्षा कमी होता, म्हणून बापाला काही केल्या समजेना. मशीनमध्ये कॉम्प्रेसरची मोटर असते आणि सुरू होताना ती क्षणभर दुप्पट-तिप्पट ओढते. तो एक क्षण डब्याला झेपत नव्हता. मेडशीला एका ढाब्यावर दार वाजवून घरच्या विजेवर मशीन चालवलं. लेकरू आता शाळेत जातं. त्यांनी डॉक्टरांना विचारून नंतर सेलवर चालणारं लहान जाळीचं नेब्युलायझर घेतलं, त्याला इन्व्हर्टर लागतच नाही. ज्या घरात असा रुग्ण आहे त्यांनी प्रवासाच्या आधी अंगणात उभ्या गाडीत एकदा मशीन चालवून पाहावं, एवढ्यासाठी मी हे सांगितलं.

आमच्याकडचा आणखी एक प्रकार शहरातल्या पुस्तकांत सापडणार नाही, तो फवारणीच्या पंपाचा. सोयाबीनवर अळी आली की रात्री लाइन नसते आणि सकाळी पाठीवरचा बॅटरीपंप रिकामा. मग शेतकरी लायटरच्या वायरीला मगरचिमटे लावतो आणि पंपातली 8 किंवा 12 अँपियर-तासाची बॅटरी थेट गाडीवर चढवतो. बारा व्होल्टला बारा व्होल्ट, बिघडलं काय? बिघडतं ते असं की 12 ची बॅटरी भरायला चार्जर करंट आवरून देतो, साधारण तीन अँपियरपर्यंत. थेट जोडल्यावर आवरायला कुणी नाही. रिकामी बॅटरी सुरुवातीला हावरटासारखी ओढते, तापते, फुगते. चिमटे उलटे लागले तर मोठाच भडका. नव्या पंपांत लिथियमचा पॅक असेल तर थेट जोडायचा विचारही मनात आणू नये. 12 व्होल्टवर चालणारा, करंट आवरणारा चार्जर बाजारात मिळतो; तो कसा ओळखायचा यावर पुढे एक पूर्ण प्रकरण आहे, आणि माझ्या मते पुस्तिकेतलं तेच सगळ्यात कामाचं आहे.

मोबाईलच्या चार्जरने गाडी क्वचितच जळते, मोबाईल जळतो. गाडीची वीज घरच्यासारखी सरळ नसते: स्टार्टर मारताना ती नऊपर्यंत पडते, आणि चालत्या इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल सैल झालं तर क्षणभर कितीतरी वर उडी मारते. चांगला चार्जर ही उडी पोटात घेतो. गाडा लावून विकणाऱ्याचा हलका-फुलका चार्जर ती फोनकडे पाठवतो. उचलून बघितला तरी फरक कळतो. चार्जर सॉकेटमध्ये लावायच्या आधी गाडी चालू करून घ्यावी, ही सवय फुकट आहे. मोठ्या ट्रक-बसमध्ये बहुधा 24 व्होल्ट असतात, त्यामुळे कारचा पंप ट्रकमध्ये लावायच्या आधी त्यावर '12/24' लिहिलंय का ते वाचावं. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात, बाहेर 44-45 असताना, काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर पॉवर बँक ठेवणं म्हणजे पापड वाळत घालणं. ती फुगते.

बॅटरी उतरण्याच्या तक्रारींचं एक सोपं गणित आहे. काही गाड्यांत चावी काढली की सॉकेट मरतं, काहींत जिवंत राहतं. तुमचं कोणतं ते चार्जर लावून चावी काढून बघा. जिवंत असेल आणि लहानसा फ्रिज चार अँपियर ओढत रात्रभर चालला, तर आठ तासांत 32 अँपियर-तास जातात. लहान कारची बॅटरीच 35 ची. सकाळी शिरपूरच्या धर्मशाळेसमोर धक्का मारायला माणसं शोधावी लागतात. स्टार्टरची बॅटरी अशी तळापर्यंत उपसायची नसते. दोन-चारदा उपसली की ती कायमची अर्धी होते.

मोठा लोड कायमचा चालवायचा असेल तर सॉकेट विसरा. लग्नाच्या जीपवरचे स्पीकरवाले हे आधीपासून करतात: ॲम्प्लिफायरची जाड वायर थेट बॅटरीपासून ओढतात. त्यांचं फक्त एक चुकतं, फ्यूज ते ॲम्प्लिफायरजवळ लावतात. तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा, म्हणजे पुढे वायर कुठेही पत्र्याला घासली तरी तो उडेल. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत मात्र डॅशबोर्डामागची कुठलीही वायर कापून जोड मारू नका. त्या वायरी आता एकमेकींशी बोलतात, आणि मध्ये तिसऱ्याने तोंड घातलेलं इंजिनाच्या कॉम्प्युटरला चालत नाही. माझ्या धंद्याच्या विरुद्ध सांगतोय, पण अशा गाड्या मी स्वतः कंपनीच्या दुकानात पाठवतो.

पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये मावेल एवढीच ठेवली आहे. लिहिताना इंग्रजी शब्द शोधून त्यांचं शुद्ध मराठी करायच्या फंदात पडलो नाही. फ्यूजला फ्यूजच म्हटलं आहे आणि अर्थला अर्थ. चित्रं माझ्या डब्यातल्या प्लगांचीच आहेत, मोबाईलवर काढलेली, म्हणून थोडी हललेली. शेवटच्या पानावर तीन रिकाम्या रेघा आहेत: सॉकेटच्या फ्यूजचा आकडा, फ्यूजपेटी गाडीत कुठे आहे ती जागा, आणि चावी काढल्यावर सॉकेट जिवंत राहतं की नाही. पुस्तिका वाचायला घेण्याआधी पेन घेऊन गाडीपाशी जा आणि त्या भरा. पेटी सापडली नाही तर ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळचं झाकण उघडून बघा, पुष्कळ गाड्यांत तिथेच असते.